वाकड्या पायांचं पिल्लू



जनावरांचा डॉक्टर बोलायला बसला म्हणजे गाय, बैल, शेळी नाहीतर कोंबडी यांच्याविषयी बोलणार, हे तुम्ही गृहीत धरलेलं असतं. आज मात्र मी बोलणार आहे ते कुत्र्याच्या लहान पिलाविषयी, आणि त्यातही त्याच्या पुढच्या दोन पायांविषयी. कुणी म्हणेल, “अहो, कुत्र्याच्या पायाचं काय एवढं कौतुक?” तर त्याला कारण आहे. पूर्वी आपल्या वाडीवस्तीवर जी कुत्री असत ती एक तर गावठी, नाहीतर आपली कारवानी. लांब, सरळ, काटक पायांची. हल्ली शहरातला भाचा किंवा पुतण्या सुट्टीत येतो तो पिशवीतून एखादं डाक्सहुंड, पग नाहीतर ल्हासा जातीचं पिल्लू घेऊन येतो. मुलांना त्याचा लळा लागतो. पाहुणा परत जातो, पिल्लू मागे राहतं. आणि दोनतीन महिन्यांनी घरातलं कुणीतरी म्हणतं, “याचे पुढचे पाय फेंगडे दिसतात, नाही?”

या एका प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरं आहेत. त्यातलं एक काळजी न करण्याचं आहे आणि बाकीची तीन वेळेवर हालचाल करण्याची. ती ओळखावी कशी, एवढंच आज सांगायचं आहे. पण आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळेच मी या विषयाकडे नीट पाहायला शिकलो.

आमच्या तालुक्यातल्या एका गुरुजींच्या घरी डाक्सहुंडाचं एक पिल्लू होतं. नाव मोती. तीन महिन्यांचं असताना ते ओट्यावरून खाली पडलं, क्षणभर केकाटलं, दोन दिवस लंगडलं आणि मग पूर्ववत खेळू लागलं. पुढे महिन्याभराने गुरुजी त्याला घेऊन दवाखान्यात आले. बरोबर त्यांची धाकटी मुलगी होती, चौथीतली. मी पिलाचे पाय पाहिले आणि हसून म्हणालो, “गुरुजी, या जातीची ढबच अशी. पाय आखूड आणि वाकडेच असायचे. काही काळजी करू नका.” तेव्हा ती मुलगी म्हणाली, “पण डॉक्टरकाका, याचा डावा पाय उजव्यापेक्षा जास्त वळतो.” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढचं जनावर पाहायला घेतलं.

चार महिन्यांनी मोती पुन्हा आला तेव्हा त्याचा डावा पंजा सरळ बाहेरच्या बाजूला वळला होता, पाय धनुष्यासारखा पुढे वाकला होता आणि कोपराला हात लावू देत नव्हता. मुलगी काही बोलली नाही. तिला बोलण्याची गरजही नव्हती. तिने पाहिलं होतं आणि मी पाहिलं नव्हतं.

तर मंडळी, त्या पायात झालं काय होतं?

कुत्र्याच्या पुढच्या पायात, कोपरापासून मनगटापर्यंत, आपल्या हाताप्रमाणेच दोन हाडे असतात. एक पुढचे, त्याला रेडिअस म्हणतात. दुसरे मागचे, कोपराचे टोक ज्याचे बनलेले असते ते, त्याला अल्ना म्हणतात. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ मऊ कूर्चेचा एक पट्टा असतो. हाडाची लांबी तिथे वाढते. वाढ पुरी झाली की तो पट्टा हाड बनून मिटून जातो. रेडिअस हे हाड आपल्या दोन्ही टोकांना वाढते. अल्नाचे तसे नाही. तिची शेकडा सुमारे 85 वाढ मनगटाजवळच्या एकाच पट्ट्यात होते. शिवाय कुत्र्यात हा पट्टा सपाट नसून नरसाळ्यासारखा निमुळता असतो. त्यामुळे बाजूने धक्का बसला तरी तो सरकून निसटत नाही, जागच्या जागी चिरडतो. चिरडला की त्याची वाढ थांबते.

आता गुरुजनांनी वर्गात करून दाखवावा असा एक प्रयोग सांगतो. बांबूची एक हिरवी, लवचीक कामटी घ्या. तिच्या दोन्ही टोकांना एक सुतळी ताणून बांधा, पण कामटी वाकू नये अशी. आता कल्पना करा की कामटी दररोज थोडी थोडी वाढते आहे आणि सुतळी आहे तेवढीच आहे. काय होईल? कामटी वाकेल, तिचं धनुष्य होईल. हे मुलांना दाखवायचं तर कामटी वाढवता येत नाही, म्हणून सुतळी थोडी थोडी आखूड करा, परिणाम तोच. पिलाच्या पायात रेडिअस ही कामटी आणि वाढ थांबलेली अल्ना ही सुतळी. रेडिअस वाढू पाहते, अल्ना तिला धरून ठेवते. मग पाय पुढे कमानीसारखा वाकतो, पंजा बाहेर वळतो, आणि ताण वरपर्यंत पोचला की कोपराचा सांधा जागचा हलतो. कोपर दुखू लागला म्हणजे पिल्लू खऱ्या अर्थाने लंगडे होते.

यात घात करणारी गोष्ट अशी की, पडल्यापडल्या काही दिसत नाही. पुष्कळदा क्ष-किरणाच्या चित्रातही त्या दिवशी सगळं ठीक दिसतं. पाय वाकायला लागतो तो नंतर, काही आठवड्यांनी. तोवर घरची मंडळी ते पडणं विसरूनही गेलेली असतात. हे झालं पहिलं कारण, मार.

दुसरं कारण जातीचं. मी गुरुजींना जे सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं. डाक्सहुंड हा मूळचा जर्मनीतला कुत्रा. त्या भाषेत डाक्स म्हणजे बिळात राहणारा बिज्जू आणि हुंड म्हणजे कुत्रा. बिळात शिरून शिकार बाहेर काढायची म्हणून माणसाने पिढ्यानपिढ्या आखूड पायांची पिले निवडून ही जात बनवली. इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतात कॉर्गी नावाचा असाच बुटका कुत्रा गुरे हाकायला ठेवीत. तो गाईच्या खुरांशी तोंड नेऊन तिला पुढे काढतो, आणि गाईने लाथ झाडली तर ती त्याच्या डोक्यावरून जाते, असे सांगतात. आपल्या गुराख्यांना यातलं मर्म चटकन कळेल.

हा बुटकेपणा येतो कुठून, तेही आता कळले आहे. 2009 साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, अशा आखूड पायांच्या जातींत एफजीएफ-4 नावाच्या जनुकाची एक जादा नक्कल 18 व्या गुणसूत्रावर बसलेली असते. तिच्यामुळे कूर्चेतील वाढ लवकर आवरते आणि पायाची हाडे तोकडी व जाड राहतात. पुढे 2017 साली त्याच जनुकाची आणखी एक जादा नक्कल 12 व्या गुणसूत्रावर सापडली. हिचा परिणाम पायापुरता थांबत नाही. पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या हिच्यामुळे लहान वयातच कडक होतात आणि सरकण्याचा धोका वाढतो. डाक्सहुंड पाठीने अधू होतो असे आपण ऐकतो, त्याचे मूळ इथे आहे.

तेव्हा जातिवंत बुटक्या कुत्र्याचे पाय थोडे वाकडे असणारच. अशा वाकडेपणाची खूण अशी: दोन्ही पाय सारखेच वळलेले असतात, पिल्लू लंगडत नाही, पाय दाबला तर ओरडत नाही, आणि धावायला-खेळायला ते मागे राहत नाही. या पिलाला औषध नको, पट्टी नको. त्याला लठ्ठ होऊ देऊ नका आणि पलंगावरून, कठड्यावरून उड्या मारू देऊ नका, म्हणजे झालं. मात्र ज्याचे पाय फारच वेडेवाकडे आहेत त्याच्यापासून पुढे पिले धरू नयेत. बैल निवडताना आपण पाय पाहतोच की.

तिसरे कारण खाण्याचे. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, मुडदूस. लहान मुलांना होतो तोच. हाडात चुना भरत नाही, हाड मऊ राहते आणि अंगाच्या भाराने वाकते. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, शाळेतल्या मुलांना ती आवडेल. 1919 साली लंडनमध्ये एडवर्ड मेलन्बी नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्याची पिले घरात कोंडून, ठरावीक निकृष्ट आहारावर ठेवली. त्यांना मुडदूस झाला. मग कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं आणि तो हटला. त्या काळी विलायतेतल्या शहरांत हजारो मुलं वाकड्या पायांनी चालत होती, आणि कारण नक्की कळत नव्हतं. त्या पिलांवरून वाट सापडली. पुढे 1922 साली अमेरिकेत मॅकॉलम याने त्या तेलातला गुणकारी घटक वेगळा असल्याचे दाखवले, तेच ड जीवनसत्त्व. म्हणजे आज आपलं बाळ सरळ पायाने चालतं, त्याच्यामागे त्या मुक्या पिलांचंही थोडं ऋण आहे.

पण मुलात आणि पिलात एक फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे फसगत होते. माणसाच्या कातडीत ऊन लागले की ड जीवनसत्त्व तयार होते. आपण म्हणतो, पिलाला कोवळ्या उन्हात बसवू म्हणजे हाडे बळकट होतील. उन्हात जरूर बसवा, त्याला बरं वाटेल. परंतु कुत्र्याच्या कातडीत हे जीवनसत्त्व पुरेसे बनत नाही. 1994 साली नेदरलंड्समधील संशोधकांनी हे दाखवून दिले. त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते.

आणि आपण त्याला अन्न काय देतो? सकाळी पोळीचा तुकडा, दुपारी भात, रात्री भाकरी आणि त्यावर वरवर दूध. कुणी हौसेने नुसतं बिनहाडाचं मटण देतो आणि म्हणतो, “आमचं पिल्लू राजासारखं खातं.” भाकरी-भातात कॅल्शियम अगदी थोडं असतं. नुसत्या मांसात तर कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिलाला कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान बरोबरीने हवे, आणि फार तर दुपटीपर्यंत. ते मिळाले नाही की शरीर रक्तातली उणीव भरून काढायला हाडातले कॅल्शियम काढून घेते. घरात धान्य संपलं म्हणून बियाण्याचं पोतं सोडावं, तसंच हे. काही दिवस निभावतं, पण पुढचं साल बुडतं. अशा पिलाचे दोन्ही पाय वाकतात, मनगटाजवळ गाठीसारखी सूज दिसते, ते उठायला कुरकुरते, आणि कधी कधी साध्या उडीने हाड मोडते.

यावर उपाय साधा आहे. पिलासाठी बनवलेलं समतोल तयार खाद्य परवडत असेल तर ते द्यावं, आणि त्यावर आणखी कॅल्शियम घालू नये. घरचंच खाणं द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्यावं: अंडं किती, मांस किती, खनिज मिश्रण किती. अंदाजपंचे नको. कमी पडलं तर हाड मऊ होतं, हे आपल्याला पटतं. पण जास्त झालं तरी हाडाची वाढ बिघडते, विशेषतः मोठ्या जातींच्या पिलांत, हे पटत नाही.

याहून एक गंभीर इशारा. औषधाच्या दुकानात माणसांसाठी ड जीवनसत्त्वाची 60,000 एककांची पुडी मिळते. ती आठवड्यातून एकदा मोठ्या माणसाने घ्यायची असते. दोनतीन किलोच्या पिलाला ती कोणी चारली तर ते विष ठरू शकते. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं निकामी होतात. घरात अशी पुडी असेल तर ती पिलाच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवा.

चौथे कारण सर्वांत सौम्य. सुमारे दीड ते चार महिन्यांच्या पिलाचं मनगट एकाएकी ढिलं पडतं. पाय पुढे दुमडतो किंवा मागे बसतो, पिल्लू जणू मनगटावर चालतं. घरची माणसं घाबरून जातात. यात पुष्कळदा गुळगुळीत फरशीचा हात असतो. नवीन घर, चकचकीत फरशी, आणि त्यावर पिलाचे पाय घसरतात. त्याला खरबरीत जमिनीवर, मातीच्या अंगणात चालू द्या. घरात गोणपाट अंथरा. आहार समतोल ठेवा. बहुतेक पिले दोनचार आठवड्यांत सावरतात. इथे पाय कामट्यांनी आवळून बांधण्याचा मोह होतो. तो टाळा. बांधल्याने पायाचे स्नायू आणखी ढिले पडतात, कातडीला जखमा होतात, आणि वाढत्या पायाभोवती आवळलेली पट्टी रक्त अडवते. पायाला फासा लागून पंजा काळा पडलेली पिले मी पाहिली आहेत.

आता ओळखायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. पिलाला सपाट जमिनीवर, समोरून तुमच्याकडे तोंड करून उभं करा. दोन्ही पुढचे पाय शेजारी शेजारी पाहा. दोन्ही सारखे वळलेत आणि पिल्लू हुंदडतंय, तर ती बहुधा जातीची ढब. दोन्ही वळलेत, मनगटं सुजली आहेत आणि पिल्लू मलूल आहे, तर खाण्याकडे पाहा. मनगट एकाएकी ढिलं पडलं, तर फरशीकडे आणि खाण्याकडे पाहा. आणि एकच पाय वळला असेल, किंवा एक दुसऱ्यापेक्षा जास्त वळला असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. क्ष-किरणाचं चित्र दोन्ही पायांचं काढायला सांगा, म्हणजे तुलना करता येते. पिल्लू पडलेलं, चेंगरलेलं किंवा गाडीखाली सापडता सापडता वाचलेलं असेल, तर लंगडणं थांबल्यावरही पुढचे दोन महिने दर आठवड्याला असं उभं करून पाहा. हल्ली घरोघर मोबाइल आहेत. दर रविवारी एकाच जागेवरून समोरून एक फोटो काढून ठेवला तर डोळ्याला न दिसणारा फरकही चार फोटोंत दिसतो. हे काम घरातल्या मुलांना द्या. ती ते आपल्यापेक्षा नीट करतात.

घाई कशासाठी, तेही ऐका. वाढ अजून शिल्लक असताना, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांच्या आत, पिल्लू शस्त्रक्रियेला पोचलं तर काम सोपं असतं. अल्नाचा एक लहान तुकडा काढून टाकतात आणि ती फट लगेच भरून येऊ नये म्हणून तिथे पिलाच्याच अंगावरची चरबी भरतात. सुतळी तोडल्यासारखंच ते. मग रेडिअस मोकळी होते आणि पुढच्या वाढीत वाकडेपणा पुष्कळसा आपोआप कमी होतो. वाढ संपल्यावर, आणि लहान जातींत ती बहुधा आठदहा महिन्यांत संपते, हाड कापून, सरळ करून पट्टी-स्क्रूने जोडावं लागतं. ते खर्चाचं, कौशल्याचं आणि जास्त दुःखाचं. कोपराचा सांधा झिजला असेल तर तो पूर्ववत होत नाही.

मोती आमच्याकडे दुसऱ्यांदा आला तेव्हा सोप्या शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. गुरुजींनी त्याला शहरात नेलं, हाड सरळ करून घेतलं. पाय पुष्कळ सुधारला, पण थंडीच्या दिवसांत तो शेवटपर्यंत लंगडत असे. गुरुजींनी मला कधी बोल लावला नाही. मीच एके दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि त्या मुलीला म्हणालो, “बाळ, त्या दिवशी तू बरोबर पाहिलं होतंस. मी तुझं ऐकायला हवं होतं.” ती म्हणाली, “मग आता दुसऱ्या कुणाचं पिल्लू आलं तर नीट बघाल ना, काका?” तेव्हापासून माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक पिलाचे दोन्ही पाय मी शेजारी शेजारी धरून पाहतो, आणि बरोबर मूल आलं असेल तर आधी त्याला विचारतो, “तुला काय वेगळं वाटतं?”

शेवटी एकदोन व्यवहाराच्या गोष्टी. पिल्लू विकत घ्यायचं झालं तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. पैदास करणाऱ्याने त्याआधी पिल्लू विकू नये, असा 2017 सालचा केंद्र सरकारचा नियमही आहे. आईबापांचे पाय पाहून घ्या. लहान मुलांनी पिल्लू उचलायचं ते खाली बसून उचलावं आणि बसूनच सोडावं. उभ्याने कडेवर घेतलेलं पिल्लू सुळकन निसटतं. ओट्याच्या कडेला, जिन्याच्या तोंडाशी एखादी फळी आडवी लावा. मोतीच्या वेळी असा एक फळकूट आडवा असता, तर आजच्या या भाषणाची गरजच पडली नसती.

मुकं जनावर आपलं दुखणं सांगत नाही, असं आपण म्हणतो. पण ते चालून दाखवतं. आज संध्याकाळी दारातल्या पिलाला समोर उभं करा आणि त्याचे दोन्ही पाय एकदा नीट पाहा.